जॉर्ज विटेट : गेटवे, म्युझियम आणि केईएम काढणाऱ्या आर्किटेक्टच्या नोकरीची गोष्ट

जुना_ट्रेसर

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी १९७९ साली एका सरकारी ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो, पुढे ड्राफ्ट्समन झालो आणि तिथूनच रिटायर झालो. आमच्या माळ्यावर जुन्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या पडलेल्या असायच्या, त्यातल्या कितीतरी कागदाच्या नव्हे, कापडाच्या. ट्रेसिंग क्लॉथ म्हणायचे त्याला. बारीक सुती कापडाला खळ देऊन कडक, गुळगुळीत केलेलं, त्यावर शाईनं काढायचं. घडी केली तरी फाटत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. पण तेच कापड पाण्यात भिजत घातलं की खळ सुटते, खळीबरोबर शाई जाते आणि हातात मऊसूत पातळ कापड राहतं. आमच्याकडे जुने लोक ते घरी न्यायचे, रुमाल करायचे, तान्ह्या बाळाची दुपटी करायचे, कोणाला त्यात काही गैर वाटत नसे. माझी मोठी मुलगी झाली तेव्हा मीही एक गुंडाळी घरी नेली. बायकोनं बादलीत पाणी भरलं आणि टाकायच्या आधी सहज म्हणून मी ती जमिनीवर उलगडली. एका छज्ज्याचा डिटेल होता, दगडाचा, खाली घोडे, म्हणजे छज्ज्याला आधार देणारे ब्रॅकेट हो, एकेक पाकळी शाईनं काढलेली आणि प्रत्येक मोल्डिंगला माप. हात इतका स्वच्छ की रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे उचलली ते कळत नव्हतं. कोपऱ्यात नाव नव्हतं, फक्त हुद्दा, कन्सल्टिंग आर्किटेक्ट टु गव्हर्नमेंट. बायकोला म्हटलं राहू दे, दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवली. पुढे ऑफिस हललं तेव्हा त्या गुंडाळ्यांचं काय झालं विचारू नका.

तो डिटेल कोणाच्या हातचा ते मला कधीच कळलं नाही. पण त्या हुद्द्यावर कोण कोण बसलं होतं ते शोधत गेलो आणि जॉर्ज विटेट सापडला, तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात आहे.

विटेटचा जन्म १८७८ सालचा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अथोल नावाच्या गावातला. पर्थ शहरात हेटन नावाच्या आर्किटेक्टकडे उमेदवारी केली. तेव्हा कॉलेजात जाऊन आर्किटेक्ट व्हायचं असं फारसं नव्हतंच, कोणाच्या तरी ऑफिसात चिकटायचं, ट्रेसिंग करायचं, मापं घ्यायची आणि वर चढत जायचं. मग एडिनबरोत वॉशिंग्टन ब्राऊनकडे, मग इंग्लंडात यॉर्कला वॉल्टर ब्रायर्लीकडे. १९०४ साली मुंबईत आला तो जॉन बेगचा असिस्टंट म्हणून. बेग म्हणजे जीपीओचा, मुंबईच्या मुख्य पोस्ट ऑफिसचा आर्किटेक्ट. बेग पुढे भारत सरकारचा कन्सल्टिंग आर्किटेक्ट होऊन गेला आणि मुंबई सरकारचा तो हुद्दा विटेटकडे आला. तेव्हा त्यानं तिशीही धड ओलांडलेली नव्हती.

आता बघा, ह्याच्या आधीची पिढी म्हणजे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची. व्हीटी, समोरची महापालिका, सगळं गॉथिक, टोकदार, कोरीव, वर सिंह, मोर, माकडं, सरडे. विटेट आला तोवर ती हवा बदलली होती. भारतातल्या इमारती भारतातल्याच जुन्या इमारती बघून काढायच्या असा विचार सुरू होता आणि बेगनं जीपीओचा घुमट विजापूरकडे बघून काढला होता. विटेट तो विचार पुढे घेऊन गेला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) डिझाइनसाठी १९०९ साली खुली स्पर्धा झाली, त्यात काम त्याला मिळालं. पायाचा दगड १९०५ सालीच प्रिन्स ऑफ वेल्सनं बसवून ठेवलेला. इमारत १९१४ ला उभी राहिली आणि लगेच महायुद्ध, म्हणून आधी लष्करी हॉस्पिटल झालं. म्युझियम म्हणून उघडायला १९२२ चा जानेवारी उजाडला.

ज्यांनी आतला मधला हॉल नुसता वर न बघता ओलांडलाय त्यांना हात जोडून विनंती, पुढच्या वेळी मधोमध उभं राहून मान वर करा. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा म्हटलं की चार कोपरे आडवे येतात, ते कसे मिटवायचे हा जगभरच्या गवंड्यांपुढचा जुना प्रश्न आहे. विजापूरच्या गोल घुमटाच्या कारागिरांनी काय केलं, दोन चौकोन एकमेकांवर तिरके फिरवून ठेवले की जशी आठ टोकांची चांदणी होते (रांगोळीत काढतो तशी) तशा आठ कमानी एकमेकींना छेदत उभ्या केल्या. त्या कमानी वर जाताना आत झुकतात, वर एक गोल कडं तयार होतं आणि त्या कड्यावर घुमट. शिवाय आत झुकलेला सगळा दगड घुमटाचा बाहेर पडायचा जोर आतून दाबून धरतो. विटेटनं म्युझियमच्या आतल्या कमानी त्यावरून घेतल्यात. नुसता आकार उचलला असता तर मी इतकं लिहिलंच नसतं, त्यानं ती युक्ती समजून घेतली.

आणि आपल्या माणसांसाठी खास गोष्ट. त्याच हॉलमध्ये वरच्या मजल्यांच्या गोल सज्जाला जी लाकडी महिरपींची रांग आहे ना, कोरीव खांब, त्यावर महिरपी, ते काम नवीन नाहीये. ते नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं लाकूड आहे, विकत घेऊन इथे बसवलेलं. स्कॉटलंडच्या माणसानं विजापूरच्या कमानींखाली मराठी वाड्याचे खांब उभे केले. मी जवळ जाऊन बघितलंय, रंगरोगणाच्या थराखालीसुद्धा पटाशीची धार कळते.

बाकी यादी तुम्हाला माहीत असेलच, गेटवे, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि त्याला लागून कावसजी जहांगीर हॉल, धोबी तलावचं स्मॉल कॉज कोर्ट, बॅलार्ड इस्टेट, बॉम्बे हाउस, परळची केईएम आणि वाडिया ही हॉस्पिटलं. ह्या एकेकावर बोलूया. मला स्वतःला वाटतं की गेटवेमुळे तो लोकांना ठाऊक असला तरी गेटवे हे त्याचं सगळ्यात चांगलं काम नाही. सगळ्यात चांगलं काम केईएम. पटतंय का बघा.

---

समुद्रफेस

वाचनखूण साठवली. त्या कापडी ड्रॉइंगचं वाचून पोटात कालवलं हो. माझे वडील मिलमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंगला होते, आमच्याकडेपण असे रुमाल होते आणि आम्हाला लहानपणी वाटायचं बाबांना ऑफिसात रुमाल मिळतात.

एक विचारते, गेटवे रस्त्याला तिरकं का आहे? रिगलकडून चालत गेलं की ते सरळ समोर येतच नाही.

---

परळकर_८८

केईएम म्हटल्यावर गप्प बसवत नाही. मी तिथे एमबीबीएस केलं, मग रेसिडेन्सी, म्हणजे आयुष्याची नऊ वर्षं. तेव्हा आर्किटेक्ट कोण हे एकदाही मनात आलं नाही, कारण आम्ही त्या बिल्डिंगला बिल्डिंग म्हणून बघतच नव्हतो, ती आमच्यासाठी म्हणजे कॉरिडॉर. ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. ट्रॉली ढकलत धावायला पुरेल एवढा रुंद, नातेवाईक दोन्ही बाजूंना चटया टाकून बसलेले, तरी मधून वाट राहते. मे महिन्यात कॅज्युअल्टीतून बाहेर आलं की कॉरिडॉरमध्ये वारा लागायचा, खरोखर लागायचा, छत उंच आणि बाजू मोकळी. नाइट ड्यूटीत पहाटे चार वाजता त्या कठड्याला टेकून चहा प्यायलेले माझ्यासारखे हजारो डॉक्टर असतील. शंभर वर्षांपूर्वी जेवढे पेशंट धरून काढली असेल त्याच्या कितीतरी पट माणूस आज त्यातून रोज जातोय आणि ती कोसळत नाहीये, माझं मत काकांच्या बाजूनं.

अजून एक, केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेजमागे सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टची जी देणगी आहे तिला अट होती की शिकवणारे आणि काम करणारे भारतीय असले पाहिजेत. त्या काळात मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या वरच्या जागांवर गोरे आयएमएसवाले (इंडियन मेडिकल सर्व्हिसचे सरकारी डॉक्टर) बसलेले असायचे. कॉलेज १९२५ ला सुरू झालं, हॉस्पिटल १९२६ च्या जानेवारीत. म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टनं काढलेली इमारत, पण आत सगळे आपले डॉक्टर, अशा अटीवर.

---

तिरकी_रेघ

लेख छान आहे, मनापासून लिहिलाय ते कळतंय, तरी मला एक खटकतं ते लिहितो, राग मानू नका.

हे जे 'भारतीय शैली'त बांधणं होतं ते शेवटी राज्यकर्त्यांनी ठरवलेलं भारतीयपण होतं. इथला थोडा घुमट, गुजरातची थोडी जाळी, राजपुतान्याची छत्री, सगळं एका ताटात. गेटवे कशासाठी आहे? १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी अपोलो बंदरावर उतरले त्याची आठवण म्हणून. उतरले तेव्हा तिथे तात्पुरता मंडप होता, नंतर तो क्षण दगडात पक्का केला. म्हणजे आपल्याच कलाकुसरीची कमान, त्यांच्या राजासाठी. आणि त्याच माणसानं बॅलार्ड इस्टेट काढली तेव्हा मात्र एकही छत्री नाही, एकही जाळी नाही, सरळ लंडनची पद्धत. जिथे मिरवायचं तिथे आमचं, जिथे पैसा आणि कारभार तिथे तुमचं. ह्यातून काय समजायचं?

शिवाय आर्किटेक्टचं नाव राहतं, बांधणाऱ्याचं राहत नाही. गेटवेच्या कामावर रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई होते, प्रत्यक्ष काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. मुंबईतल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

---

जुना_ट्रेसर

समुद्रफेस, गेटवेचं तिरकेपण हे पैशाचं कारण आहे. समोरून सरळ मोठा रस्ता आणायचा बेत होता, गेटवे त्या रस्त्याच्या हिशोबानं बसवलं. मग रस्त्याला पैसेच उरले नाहीत. त्यामुळे जुना रस्ता आपल्या दिशेनं येतो आणि गेटवे आपल्या दिशेनं समुद्राकडे तोंड करून उभं राहतं. साइटवर अर्धी योजना झाली की अर्ध्याचं असंच होतं, आम्ही नोकरीत फार बघितलंय.

तारखा लिहितो, कारण त्यात गंमत आहे. पायाचा दगड मार्च १९१३, गव्हर्नर सिडनहॅम क्लार्क यांच्या हातून. डिझाइन मंजूर झालं ऑगस्ट १९१४ ला. म्हणजे दगड आधी बसला, नक्षा मागून ठरला! मग १९१५ ते १९१९ भराव आणि समुद्राकडची भिंत, १९२० ला पाया पुरा, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४, व्हॉइसरॉय रीडिंग. खर्च २१ लाख. मधला घुमट ४८ फूट व्यासाचा, उंची ८३ फूट. दगड दिसतो म्हणून आपण दगडी म्हणतो, पण त्यात आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीटसुद्धा आहे, १९२० च्या आसपास ते आपल्याकडे नवीनच होतं. जाळ्या ग्वाल्हेरहून आल्या.

तिरकी_रेघ, राग कसला, तुमचा प्रतिसाद सगळ्यात महत्त्वाचा आहे. देसाईंचं नाव मी पहिल्या पोस्टमध्येच घालायला हवं होतं, चुकलं.

पण एका बाबतीत माझं वेगळं मत आहे. म्युझियमच्या फाटकासमोर उभे राहा आणि रस्त्यापलीकडे बघा. तिकडे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि कावसजी जहांगीर हॉल. तेही विटेटचंच, वर्षंही जवळजवळ तीच, १९११ ला सुरू, १९२० ला पुरं. खारोडीचा पिवळा दगड, रस्त्याच्या वळणाबरोबर वळत गेलेली भिंत, सगळं युरोपियन क्लासिकल. ते काही पैशाचं किंवा कारभाराचं ठिकाण नव्हतं, भारतीय मुलांनी विज्ञान शिकावं म्हणून सर कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम, वसनजी मुळजी अशा इथल्याच दात्यांनी पैसे घातलेले. म्हणजे 'मिरवायचं ते आमचं, कारभार तुमचा' हे सूत्र तिथे लागू होत नाही. आणि केईएम घ्या, तिथे तर कुठल्याच शैलीचा आग्रह मला दिसत नाही, पेशंटला वारा लागला पाहिजे हा एकच आग्रह. मी नोकरीत होतो म्हणून मला असं दिसत असेल, पण सरकारी आर्किटेक्टला काय काढायचं हे बऱ्याचदा वरून ठरून येतं, त्याच्या हातात उरतं ते कसं काढायचं एवढंच. त्या 'कसं'मध्ये विटेट फार मोठा आहे असं मला वाटतं.

गेटवे राजासाठी बांधलं हे शंभर टक्के खरं. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, त्याच कमानीतून चालत बोटीवर चढली हेही खरं. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनापासून समोर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे.

परळकर, तो कॉरिडॉरचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. आमच्या दोन्ही नातींचा जन्म वाडियातला.

---

काळा_कातळ

दगडाबद्दल बोलायला माझा हक्क आहे म्हणून लिहितो, आमचं घराणं पाथरवटाचं, आजोबांपर्यंत सगळे खाणीवर.

म्युझियमला दोन दगड आहेत. कुर्ल्याचा काळसर निळा आणि मालाडचा पिवळट. कुर्ल्याचा म्हणजे आपला नेहमीचा कातळ, बेसाल्ट, लोखंडासारखा कडक, त्यावर बारीक काम करायचं म्हणजे टाकीला, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीला, दिवसातून कितीदा धार लावावी लागते ते करणाऱ्याला विचारा. मालाडचा दगड वेगळा, भूगर्भवाले त्याला ट्रॅकाइट म्हणतात, तो टाकीला ऐकतो. म्हणून बघाल तर भिंतीचा मोठा अंग काळ्या दगडाचा आणि जिथे नक्षी, कमानीची कड, मोल्डिंग तिथे पिवळा. लोकांना वाटतं रंगासाठी केलंय. रंगासाठी आहेच, पण दगडाचा स्वभाव ओळखून केलंय, हे काढणाऱ्याला ठाऊक होतं किंवा त्यानं पाथरवटाला विचारलं. आजोबा म्हणायचे चांगला सायेब तो जो दगडाला हात लावून मग कागदावर काढतो.

आता पुढच्या वेळी काळ्या दगडाला अगदी चिकटून बघा, कडेला बोटभर पट्टी गुळगुळीत तासलेली असते आणि मधला भाग टाकीच्या घावांचा. उभे घाव, एकाशेजारी एक. त्या घावांच्या अंतरावरून माणूस बदललेला ओळखता येतो, एका दगडावर घट्ट घाव, शेजारच्या दगडावर सैल. तिथे माझ्या माणसांच्या सह्या आहेत. तिरकी_रेघ म्हणतात ते बरोबर आहे, नावं राहिली नाहीत, पण हात राहिलाय.

---

समुद्रफेस

काळा_कातळ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ह्यावर स्वतंत्र धागा काढा ना प्लीज.

---

थंडीतली_मी

मी एडिनबरोत राहते, सतरा वर्षं झाली. हा धागा वाचून एकदम घरचा आणि इथला असे दोन धागे एकत्र आले.

विटेट ज्यांच्याकडे होता त्या जॉर्ज वॉशिंग्टन ब्राऊन यांची एडिनबरोची सेंट्रल लायब्ररी आहे, जॉर्ज द फोर्थ ब्रिजवर, १८९० ची. माझ्या मुलाचं पहिलं लायब्ररी कार्ड तिथलं. म्हणजे दर शनिवारी मी विटेटच्या साहेबाच्या बिल्डिंगमध्ये जात होते आणि सुट्टीत मुंबईला आलं की मुलाला घेऊन विटेटच्या म्युझियममध्ये, आणि दोघांचा काही संबंध आहे हे मला आज कळतंय!

ब्लेअर अथोलला आम्ही दोनदा गेलोय. डोंगरातलं छोटं गाव, पांढराशुभ्र किल्ला, रेल्वे स्टेशन, नदी, बाकी शांतता. उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागतो. तिथून निघून कोणी मुंबईच्या जूनमध्ये साइटवर उभं राहत असेल हे इथे राहून मला जास्त कळतं, उलट्या दिशेनं तेच केलंय म्हणून. आणि ऊन कसं पडतं, पाऊस कुठून येतो, वारा कुठून घ्यायचा हे त्याला सगळं नव्यानं शिकावं लागलं असणार. इथे आम्ही खिडकी काढतो ती ऊन आत यावं म्हणून, तिथे छज्जा काढायचा तो ऊन आत येऊ नये म्हणून. काका तुम्ही ज्या छज्ज्याचा डिटेल बघितलात ना, तो इथल्या ऑफिसात कोणी शिकवला नसता.

ब्रायर्लीचं काम बघायला यॉर्कलापण जाऊन आलेय, त्याच्या शाळा आहेत तिथे, विटेची, मोठ्या खिडक्यांची, फार नीटनेटकी. रोजच्या वापराच्या इमारती मन लावून करायची सवय तिथून आली असेल का?

---

मोडी_वळण

माझ्या पणजोबांची पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी होती, पण मुंबईच्या नाही, कराचीच्या. फाळणीआधी कराचीत मराठी माणसं बरीच होती, नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा तिथे अजून आहे. आमच्याकडे पणजोबांचा एक फोटो आहे, ऑफिसच्या पायऱ्यांवर सगळा स्टाफ रांगेत, मागे खांब आणि वर घुमटाचा थोडासा भाग. आत्तापर्यंत घरात सगळे ह्या फोटोला मुंबईचा समजायचे, कारण इमारत इतकी ओळखीची वाटते. दोन वर्षांपूर्वी कळलं की ती कराची पोर्ट ट्रस्टची हेड ऑफिसची इमारत, १९१६ सालची, आर्किटेक्ट जॉर्ज विटेट. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. पणजोबा १९४७ ला कुटुंब घेऊन बोटीनं मुंबईत उतरले, बॅलार्ड पियरला. म्हणजे एका विटेटच्या ऑफिसातून निघून दुसऱ्या विटेटच्या दारात. आजी म्हणायची बाबांना मुंबई पहिल्या दिवसापासून परकी वाटली नाही.

---

अर्धवट_आर्किटेक्ट

मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि लाज वाटते सांगायला पण विटेटवर आम्हाला एक स्लाइड होती, गेटवेचा फोटो आणि खाली इंडो सारासेनिक (हीच ती घुमट, जाळी, छत्रीवाली 'भारतीय शैली'), संपलं. काका, जुन्या ऑफिसातली कामाची पद्धत कशी असायची ते सांगाल का? आणि तो सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेला असं कुठेतरी वाचलं, ते कधी? माझा थीसिसचा विषय ठरायचाय आणि हा धागा वाचून बॅलार्ड इस्टेट घ्यावी असं वाटायला लागलंय.

---

जुना_ट्रेसर

अगं लाज कसली, मला तर नोकरीची पंधरा वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं.

हो, १९१९ साली त्यानं सरकारी नोकरी सोडली आणि टाटा इंजिनिअरिंग कंपनीत चीफ आर्किटेक्ट म्हणून गेला. चाळिशीला आलेला माणूस, इलाख्यातला सगळ्यात वरचा हुद्दा, तो सोडून जाणं म्हणजे काय हे सरकारी नोकरी केलेल्यालाच कळेल. बॉम्बे हाउस त्यानंतरचं, १९२४ चं. बाहेरून एकदम साधं, मालाडचा दगड, चार मजली, कुठे आरडाओरडा नाही.

बॅलार्ड इस्टेट जरूर घे, कारण तिथे एक इमारत नाही, अख्खी वसाहत बघायला मिळते. अलेक्झांड्रा डॉक खणताना (आताचा इंदिरा डॉक) जी माती दगड निघाला तो टाकून सुमारे २२ एकर जागा समुद्रातून काढली, १९१४ ते १९१८ मध्ये तिथे काम झालं. प्लॉट वेगवेगळ्या कंपन्यांचे, पण विटेटनं सगळ्यांना एका शिस्तीत बसवलं. एकदा रविवारी सकाळी जा, गाड्या नसतात तेव्हा, रस्त्याच्या मधोमध उभी राहा आणि वरच्या कॉर्निसची, भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीची रेघ बघ, एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर कशी चालत जाते. माप घे. रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची, दोन्ही टेपनं आणि क्लिनोमीटरनं (कोन मोजायचं यंत्र, त्यावरून उंची काढतात) घे, फोटोवरून नको. चौकातल्या कोपऱ्यांच्या इमारती वळणाला कशा वळवल्यात त्याचं प्लॅन काढ. हाती काढलंस तर जास्त कळेल, आमच्या पिढीचा हट्ट समज हवं तर.

कामाची पद्धत विचारलीस. आधी स्केच, मग पेन्सिलीत मोठं ड्रॉइंग, त्यावर कापड ताणून शाईनं ट्रेस, त्यावरून प्रिंट साइटवर. पण खरी मजा फुल साइज डिटेलची. मोल्डिंग, पाकळी, कमानीची कड ही खऱ्या मापात काढायची, एकास एक, तीन तीन फुटांचे कागद जोडून. त्यावरून पत्र्याचा साचा कापायचा आणि तो पाथरवटाच्या हातात द्यायचा. काळा_कातळ सांगतील, दगडावर साचा ठेवून कड आखतात. आर्किटेक्टची रेघ आणि टाकीची रेघ तिथे प्रत्यक्ष एकमेकींना भेटतात, मध्ये फक्त पत्रा.

आणि तुझ्या कामाची अजून एक माहिती. १९१७ साली जे. जे. च्या आर्किटेक्चर शिकलेल्या मुलांनी एक संघटना काढली, तीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. तिचा पहिला अध्यक्ष विटेट. तू पास झालीस की ज्या संस्थेची मेंबर होशील तिचा पहिला माणूस.

थंडीतली_मी, तुमचं छज्ज्याचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

---

तिरकी_रेघ

पटलं बऱ्यापैकी. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, माझं सूत्र जरा सैल करतो. पण गेटवेबद्दलचं मत तेच ठेवतो. आणि काळा_कातळ यांच्या घावांच्या प्रतिसादानंतर पुढचं सगळं बघणंच बदललं, काल ऑफिस सुटल्यावर म्युझियमच्या कंपाउंडपाशी थांबून दगड बघत होतो, वॉचमननं विचारलं काय हरवलंय का.

विटेटचं पुढे काय झालं? परत गेला का?

---

परळकर_८८

परत गेला नाही. ११ सप्टेंबर १९२६ ला इथेच, मुंबईत वारला. आमांशानं. वय ४७. शिवडीच्या दफनभूमीत आहे, स्टीव्हन्सही तिथेच.

मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ तारीख मोजत बसलो. केईएम उघडलं जानेवारीत, हा गेला सप्टेंबरात. आठ महिने. आमांश म्हणजे आज आम्ही सलाइन लावतो, स्टूल तपासतो, अँटिबायोटिक देतो आणि चार दिवसांत घरी पाठवतो. १९२६ साली अँटिबायोटिक नव्हतंच. पावसाळ्यात मुंबईत किती माणसं अशी जात असतील. परळच्या त्या वॉर्डांमध्ये नंतर असे किती पेशंट बरे होऊन गेले त्याची मोजदाद नाही, मी स्वतः कित्येक बघितलेत.

---

जुना_ट्रेसर

शिवडीला मी एकदा गेलो होतो, पावसाळा होता, गवत कमरेएवढं, थडगं सापडलं नाही. परत जायचंय, डिसेंबरात, गवत वाळल्यावर.

कोणी येणार असेल तर सांगा. सकाळी आठला रिगलच्या चौकात भेटू, आधी म्युझियमचे दगड (काळा_कातळ, तुम्ही आलात तर घाव दाखवायचे), मग समोर इन्स्टिट्यूट, चालत गेटवे, तिथून बॅलार्ड इस्टेट, मग हार्बरनं शिवडी. अर्धवट_आर्किटेक्ट, टेप तू आण, तीस मीटरचा. क्लिनोमीटर माझ्याकडे आहे.

---

काळा_कातळ

येतो. आजोबांची टाकी घेऊन येतो, हातात धरून बघा कशी असते.

---

समुद्रफेस

मी पण. पोहे आणते वीस जणांचे, कमी पडले तर आत्ताच सांगा.

---

मोडी_वळण

कराचीचा फोटो स्कॅन करून आणतो.